धरसोड

शनिवार, ७ ऑक्टोबर २०२३

चार महिन्यांनी सिंहगड. पहाटे पाचला कर्वेनगरहून निघाले, डोणज्याला पोचेपर्यंत फटफटलं. घाट नऊएक किलोमीटरचा. तीनदा थांबले, त्यातलं एकदाच फोटोसाठी. वर मडक्यातलं दही खाल्लं आणि उतरायला लागले.

दुसऱ्याच वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि सायकल थरथरली. खड्ड्यांची थरथर वेगळी, ती मला पाठ आहे; इथे रस्ता गुळगुळीत होता. आधी म्हशीनं नाकातून काढावा तसा घोगरा आवाज, मग हँडल, मनगटं, कोपरं आणि शेवटी दात. ब्रेक सोडला की बंद, दाबला की सुरू. पुढचा चिमटा नजरेला दिसेल इतका मागेपुढे हलत होता.

उरलेला घाट मागच्या ब्रेकवर उतरले. गोळेवाडीच्या नाक्यावर बाटलीतला एक थेंब मागच्या डिस्कवर पडला तर चर्र झालं. थालीपीठ लावता आलं असतं.

राग याचा, की काल संध्याकाळी दोन तास बसून गाडी चकाचक केली होती. खालचे काका म्हणाले, "नवी घेतलीत?" इतके लाड करून घेतल्यावर गाडीनं असं वागू नये.

रविवार, ८ ऑक्टोबर

मी पतसंस्थेत हिशेब लिहिते, तेवीस वर्षं झाली. तेरीज जुळली नाही की नवी माणसं सगळी व्हाउचरं उपसायला बसतात. जुनी माणसं आधी फरकाकडे बघतात. फरकाला नवानं भाग गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ५४ चे ४५ झालेत. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे दिसली तर ती जमेऐवजी नावे पडली असणार. चूक आपलं अक्षर सोडून जाते, ते वाचता यायला हवं.

म्हणून आज पाना हातात घेतला नाही, ही वही घेतली. सोसायटीच्या आवारात वीस फेऱ्या मारल्या आणि फक्त लिहिलं.

पुढचाच ब्रेक, मागचा ठीक. हलका दाबला तर जास्त, करकचून दाबला तर कमी. थांबता थांबता, चालण्याच्या वेगाला, सगळ्यात वाईट. मग चाक उचलून मोकळं फिरवलं. डिस्क वाकडी असती तर दर फेरीला एकदा पॅडला घासून 'सळ्' असं वाजली असती. एकदाही नाही. वेग बदलला तर आवाजाची पट्टी बदलते का, तेही ऐकलं. बदलत नाही. म्हणजे डिस्कवरची भोकं आणि पाकळ्या पॅडखालून सरकताना वाजत नाहीत. तसं असतं तर वेगाबरोबर सूर चढला असता. सूर एकच आहे. म्हणजे काहीतरी आपल्याच लयीत हलतंय आणि ब्रेक त्याला झोका देतोय.

एवढं लिहून वर आले तर घरात सुतक पडल्यासारखं. चेन्नईत ऑस्ट्रेलियासमोर आपले दोन धावांत तीन गडी. नवऱ्यानं विचारलं, "सापडलं का?" म्हटलं, अक्षर सापडलं, माणूस नाही.

मंगळवार, १० ऑक्टोबर

नियम ठरवला: एका दिवशी एकच बदल. दोन केले तर कुठल्यानं गुण आला ते कळत नाही.

आज फक्त ढिलेपणा. पुढचा ब्रेक दाबून धरायचा, गाडी मागेपुढे ढकलायची आणि डाव्या हाताची बोटं हँडलखालच्या सांध्यावर ठेवायची. हेडसेट सैल असेल तर बोटांना टक्-टक् लागतं. लागलं नाही. चाक आडवं हलवून हबचे बेअरिंग बघितले, घट्ट. आरे एकेक जोडीनं चिमटीत दाबले, सगळे सारखे ताठ. डिस्क हबला धरणारे सहा स्क्रू टी-२५ च्या चावीनं तपासले. सहाही जागेवर.

सापडला तो कॅलिपरचा वरचा बोल्ट. पाच नंबरच्या ॲलन चावीला पाव फेरी फिरला. माझ्या ब्रेकच्या पुस्तिकेत सहा ते आठ न्यूटन-मीटर लिहिलंय. टॉर्क पाना भाचीकडून आणला होता, सातवर लावला, कट् आवाज आला की थांबायचं. आनंदानं खाली गेले.

फरक: किंचित. थरथर आता कोपरापर्यंतच येते, दातांपर्यंत नाही. पण येते.

पाव फेरीचा बोल्ट हा गुन्हेगार निघता तर किती बरं झालं असतं. तेरजेतही असंच होतं. पन्नास रुपयांची चूक मिळते आणि फरक असतो चारशे पंच्याण्णवचा.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

भाचीचं मत: "मावशी, पॅड बदल. दहा मिनिटांचं काम." सासूबाईंचं मत: पितृपक्षात नवी वस्तू घरात आणायची नाही. सर्वपित्री शनिवारी. म्हणजे तोवर आहे त्यातच भागवायचं. सासूबाईंच्या या नियमानं मला शिस्त लावली, नाहीतर मीही मंगळवारीच पैसे मोजून मोकळी झाले असते आणि कारण कधीच कळलं नसतं.

आजचा बदल: डिस्क पुसणं. घरचं सॅनिटायझर चालेल म्हटलं तर भाची ओरडली. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन असतं, आणि त्याचा थर डिस्कवर बसतो. हवं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते मिळालं पासोड्या विठोबाजवळ, इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत. मोबाइल दुरुस्त करणारे सर्किट त्यानंच धुतात. सासूबाईंना सांगितलं, औषध आहे. खोटं नव्हतं.

जुन्या बनियनचा तुकडा भिजवून डिस्क धरून चाक फिरवलं. कापड काळं झालं. दुसरा तुकडा करडा, तिसरा पांढरा. डिस्कला बोट लावायचं नाही, बोटाचंही तेल असतं.

खाली गेले. पहिले पाच ब्रेक: चिडीचूप. मी आवारात एकटीच हसले. सहावा: हूं. आठवा: म्हैस परत.

हे मात्र फार बोलकं. डिस्क स्वच्छ झाली आणि आठ वेळा दाबल्यावर पुन्हा मळली. धूळ बाहेरून येते, पण ती आठ ब्रेकांत नाही येत. मळ पॅडमधून येतोय.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

पॅड काढले. चाक काढायचं, पिन ओढायची, आणि दोन पॅड त्यांच्या मधल्या स्प्रिंगसकट सॅंडविचसारखे वर येतात. नखाएवढी वस्तू. मागे पोलादाची पट्टी, पुढे करडा थर. एवढ्याशा जिवावर मी आणि बारा किलोंची सायकल घाट उतरतो.

थर झिजलेला नाही, दीड मिलिमीटर तरी शिल्लक आहे. अर्धा मिलिमीटर उरला की फेकायचा. पण तो आरशासारखा चमकत होता. चांगल्या पॅडचा पृष्ठभाग पाटीसारखा, खडू लिहावासा वाटेल असा हवा.

मी हे निरखत असताना वॉचमनच्या मुलानं "काकू, हे काय?" म्हणून ब्रेकची मूठ दाबली. डिस्क नाही, पॅड नाहीत, अडवायला काहीच नाही. कॅलिपरमधले दोन्ही पिस्टन बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आले. आणखी दोनदा दाबलं असतं तर तेलासकट गळून पडले असते. टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीनं हळूहळू, सरळ, आत ढकलले. मग दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून मध्ये खोचला. हे आधीच करायला हवं होतं. मुलाला रागवले नाही. मूठ दिसली की दाबावीशी वाटणारच.

पॅड सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवून घासले, आठाच्या आकड्यासारखे. चमक गेली. मग गच्चीत सहलीच्या स्टोव्हवर सांडशीत धरून एकेक पॅड शेकला. भाची म्हणाली होती, फार तापवलं तर थर पट्टीपासून सुटतो, मग तो रस्त्यात गळेल. म्हणून जपून. आधी काही नाही. मग त्या कोरड्या थरातून बारीक बुडबुडे आले आणि निळसर धूर.

वास ओळखीचा होता. कुठला ते आठवेना. घासलेला, शेकलेला जोड बसवून बघितला: चौदा ब्रेक शांत, पंधराव्याला सुरू. पॅडनं तेल पोटात खोल घेतलंय.

शनिवार, १४ ऑक्टोबर

सर्वपित्री. सकाळपासून स्वयंपाक, पानं, कावळ्याची वाट. दुपारनंतर पाकिस्तानशी मॅच. सायकलला हात नाही.

रात्री ओटा पुसताना वास आठवला. कपाटाच्या दारांना मारतो तो पॉलिशचा स्प्रे. सिलिकॉनचा.

पुढचं आत्ता लिहीत नाही. आधी खात्री.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

घट बसले रविवारी. खरेदीची परवानगी मिळाली, पण संस्थेत सहामाहीची कामं निघाली, आज वेळ झाला. गहुंज्याला बांगलादेशची मॅच, त्यामुळे रस्ते मोकळे. दुकानात मेस्त्री एका हातानं चाक फिरवत मोबाइलवर रोहितला बघत होते.

जुने पॅड कागदात बांधून नेले होते. त्यांनी एक नाकाशी धरला आणि म्हणाले, "ताई, हे तेल प्यायलेत. ह्यांना आता कितीही उपाशी ठेवा, सुधारायचे नाहीत."

डिस्कही बदला म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी व्हर्नियर लावला: १.७ मिलिमीटर. मग मोबाइलचा टॉर्च तिरका धरून डिस्कच्या पाकळीवर कोरलेली मुंगीएवढी अक्षरं दाखवली. तीन वर्षं मी ही डिस्क पुसतेय, कधी वाचली नव्हती. किमान जाडी १.५. आणि त्याखाली: फक्त रेझिन पॅड. "नवी असताना १.८ असते. अजून पुष्कळ आयुष्य आहे. उगीच कशाला पैसे घालवता?"

घाटासाठी मेटलचे पॅड घेऊ का, विचारलं. ते म्हणाले, मेटलचे टिकतात, तापले तरी धरतात, पण आवाज करतात आणि ही मऊ डिस्क खाऊन टाकतील. रेझिनचे शांत, पटकन धरतात, पण पावसात चिखलाबरोबर लवकर झिजतात. डिस्कवर लिहिलंय तेच घ्या.

मग मी मुख्य प्रश्न काढला. तेल लागल्यावर ब्रेक निसटेल, कमी लागेल, हे समजतं. पण थरथरतो का?

त्यांनी चहाचा रिकामा काचेचा ग्लास पुढे ओढला, बोट पाण्यात बुडवलं आणि कडेवरून फिरवलं. ग्लास गायला लागला. "बोट धरतं, सुटतं, धरतं, सुटतं. कोरडं असतं तर नीट घासलं असतं. पुष्कळ ओलं असतं तर नुसतं घसरलं असतं. हे मधलं आहे ना, ते वाजतं. पॅड डिस्कला धरतो, चिमटा थोडा मागे वाकतो, मग पॅड सुटतो, चिमटा परत येतो, पुन्हा धरतो. एका सेकंदात कितीतरी वेळा. धरसोड."

सारंगीचा गज तारेवर हेच करतो, फक्त तिथे आपण पैसे देऊन ऐकायला जातो. राळ लावलेला गज तार ओढतो, तार निसटते, परत सापडते. थांबलेल्या वस्तूला हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा हलली की कमी. त्या दोन जोरांतल्या फरकावर सगळं गाणं उभं आहे. म्हणूनच माझा ब्रेक हलक्या दाबाला आणि मंद वेगाला जास्त वाजत होता. आणि म्हणूनच सूर एकच: तो चिमट्याचा सूर होता, ब्रेक फक्त गज.

सैल बोल्टानं काय केलं तेही कळलं. त्यानं धरसोड जन्माला घातली नाही, तिला हलायला जागा दिली.

पॅडचा जोड घेतला. घरी पोचले तेव्हा नवरा आणि सासूबाई दोघेही उभे: कोहलीनं षटकार मारून शतकही केलं आणि मॅचही संपवली.

शनिवार, २१ ऑक्टोबर

नवे पॅड बसवले. डिस्क पुन्हा अल्कोहोलनं पुसली, जुन्या पॅडचं पाप नव्यांना नको. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल केले, ब्रेक दाबून धरला म्हणजे कॅलिपर आपोआप डिस्कच्या मधोमध बसतो, आणि तसाच दाबून आळीपाळीनं थोडेथोडे घट्ट केले. एकच बोल्ट आधी आवळला तर कॅलिपर तिरका होतो. पांढरा कागद पलीकडे धरून फटीतून बघितलं: दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी रेघ.

पहाटे कॅनॉल रोडला गेले. नवा पॅड लगेच घाटात न्यायचा नाही. पंचवीसच्या वेगापर्यंत जायचं, ब्रेक ठाम दाबून चालण्याच्या वेगावर यायचं, पण पूर्ण थांबायचं नाही, चाक घसरू द्यायचं नाही. सोडायचं, पुन्हा. असं वीस वेळा. पॅडचा बारीक थर डिस्कवर सारखा पसरतो, आणि मग पॅड लोखंडाला नव्हे, स्वतःच्याच थराला धरतो. मध्येच थांबलं तर त्या जागी ठसा उमटतो, आणि दर फेरीला तो ठसा लागून नवी थरथर सुरू होते.

फिरायला आलेले आजोबा माझ्याकडे बघत होते. जपमाळ ओढल्यासारखी मी मोजत होते. पहिले चार: ब्रेक आहे की नाही अशी शंका. नऊ: थोडा धरला. तेरा: बोटाला कळलं. अठराव्याला पुढचं चाक असं थांबू लागलं की माझंच वजन हँडलवर आलं.

आवाज: नाही.

सोमवार, २३ ऑक्टोबर

खंडेनवमी. पाटावर हत्यारं मांडली: नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हर, सासूबाईंची विळी आणि शिवणाची कात्री, माझं कॅल्क्युलेटर, ॲलन चाव्या, टी-२५. सायकल शेजारी उभी.

सासूबाईंनी निरांजनाची वात सारखी केली आणि त्याच बोटानं हळदकुंकू घेऊन त्या डिस्ककडे निघाल्या. मोठी, गोल, चकचकीत वस्तू. पूजा करावी तर तिचीच. मी जवळजवळ आडवी पडले. "आई, तिथे नको! तेल लागेल!"

"मग कुठे लावू?"

"हँडलला लावा. घंटीला लावा."

त्यांनी घंटीला लावलं. थोडा वेळ डिस्ककडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "फारच सोवळं आहे बाई याचं." उद्याचा झेंडूचा हारही हँडललाच, पाकळी खाली पडणार नाही असा.

रविवार, २९ ऑक्टोबर

काल कोजागरी, ग्रहणामुळे दूध लवकर आटपलं, म्हणून आज लवकर उठता आलं. सिंहगड.

उतरताना आधी भीतीच होती. त्याच दुसऱ्या वळणावर दाबला. काही नाही. डिस्कचा बारीक सस्स्, एवढंच, केर काढल्यासारखा.

घाट उतरण्याची माझी जुनी खोडही यात सुधारली. मी आधी दोन्ही ब्रेक वरपासून खालपर्यंत अर्धवट दाबून येत असे, घाबरट माणसासारखी. त्यानं डिस्क सतत तापते, पॅड काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि अर्धवट दाबातच धरसोडीचा जन्म. आता वळणाआधी ठाम दाबते, वळणात सोडते. सोडलेल्या वेळात डिस्कला वारा लागतो. नाक्यावर थांबून दोन्ही डिस्कांवर थेंब टाकला. चर्र झालं नाही.

घरी येऊन वही उघडली. हिशेब असा: सैल बोल्ट, पाव फेरी. चमकलेले पॅड. तेल प्यालेले पॅड. सगळ्यांपुढे तारखा आहेत, फरक लिहिलेत. पण ज्या नोंदीपासून हे सगळं सुरू झालं ती कुठेच नाही, कारण त्या दिवशी माझ्या मते मी काही बिघडवतच नव्हते. चौदा तारखेला कळूनही लिहायचं टाळलं.

आमच्याकडे खाडाखोड चालत नाही. राहून गेलेली नोंद आजच्या तारखेला, आजच्या सहीनं, जुन्या तारखेचा उल्लेख करून करायची. तशी केली:

*शुक्रवार, ६ ऑक्टोबर. पावसाळ्याची गाडी साफ केली. शेवटी पुढच्या चिमट्याचे दांडे चकचकीत दिसावेत म्हणून दोन्हींवर कपाटाच्या पॉलिशचा फवारा मारला. डाव्या दांड्याच्या खालीच ब्रेक आहे. झाकला नाही. नोंद उशिरा केली, २९/१०/२३.*

खाली सही. तेरीज जुळली.

स्प्रेचा डबा पार्किंगमधून उचलला आणि स्वयंपाकघरात, कपाटांजवळ नेऊन ठेवला.